वरचं दूध

"काय उजळलाय ओ तुमचा नातू, हौसाक्का! लोण्याचा गोळा नुसता!"

पलीकडच्या पारूबाईंनी जाता जाता आमच्या दारात पाय थांबवला, माझ्या कडेवरच्या विशूच्या गालाला बोट लावलं आणि ते बोट स्वतःच्या ओठांना टेकवलं. हौसाक्का म्हणजे माझी सासू. मी तिला आत्ती म्हणायची. आत्ती अंगणात चंद्री म्हशीच्या शिंगांना लाल रंग लावत बसली होती. तिनं मानही वळवली नाही, पण आवाज मात्र आत स्वयंपाकघरापर्यंत पोचेल असा काढला.

"उजळंल न्हाई तर काय! चंद्रीचं दूध हाय त्ये. डब्यातली पावडर न्हवं!"

हा टोला पारूबाईंना नव्हता. तो आत पोळ्या लाटणाऱ्या माझ्या नणंदेला, शालनला होता. ती पुण्याहून दिवाळीला आली होती आणि तिची चिमी डब्याच्या दुधावर वाढत होती.

विशूनं मान माझ्या खांद्यावर टाकली होती. अकरा महिन्यांचं पोर. समोर एवढी सजलेली म्हैस, गल्लीत हलगी वाजतेय, कुणीतरी फटाक्यांची माळ लावलीय, आणि हा बघतसुद्धा नव्हता. पारूबाईंनी गालाला हात लावला तरी हूं की चूं नाही. आणि जो तो येऊन त्याच्या रंगाचं कौतुक करून जात होता.

दिवाळीचा पाडवा होता तो. कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीत पाडवा हा माणसांचा सण नव्हेच, तो म्हशींचा. सकाळपासून म्हशी भादरायच्या, तेल चोपडून काळ्याकुळकुळीत करायच्या, शिंगं रंगवायची, मोरपिसं खोवायची, गळ्यात कवड्यांच्या माळा बांधायच्या आणि दुपारी वाजतगाजत चौकातून मिरवायच्या. म्हैस जितकी काळी आणि तुकतुकीत, तितकी मालकिणीची मान ताठ. म्हैस काळी असावी आणि नातू गोरा असावा, असा आमच्या आत्तीचा न्याय होता.

आणि विशू जन्मला होता काळा. सावळा म्हणून वेळ मारून न्यावी, इतपतसुद्धा नव्हे. बारशाला आलेल्या बायकांना आत्ती सांगायची, "नाक बघा की कसं धारदार हाय!" म्हणजे बिचाऱ्यांची नजर रंगावरून हटावी. मला त्याचं काही वाटत नव्हतं. माझं पोर भूक लागली की अख्खी गल्ली गोळा करायचं. पाय असे झाडायचं की दुपट्यात म्हणून राहायचं नाही. अंगावर प्यायला लागलं की घामाघूम व्हायचे मी.

मग उन्हाळ्यात मला टायफॉइडनं धरलं. चांगलीच आडवी झाले. विशूला सहा महिन्यांची लस द्यायची होती, तर त्याला घेऊन आत्ती आणि माझा नवरा उत्तम असे दोघंच शिरगावकर डॉक्टरीणबाईंकडं गेले. परत आले तेव्हा आत्तीचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा फुलला होता.

"डॉक्टरीण म्हणाली, आता वरचं सुरू करा!" चपला काढायच्या आधी तिनं मला सांगितलं. "मी कवापास्नं त्येच सांगायली न्हवं का? आता डॉक्टरीणच म्हणाली म्हटल्यावर तुझ्या तोंडाला कुलूप!"

आमच्या घरात दुधाला काय तोटा? त्याच संध्याकाळी चंद्रीचं निरसं दूध तापवून, साय तशीच ठेवून, बोंडल्यातून विशूच्या पोटात गेलं. मी अंथरुणातून बघत होते. छाती भरून आली होती, दुखत होती. मी हात पुढं केला तर आत्ती म्हणाली, "तू नीज. तापातलं दूध कशाला पाजतीस पोराला? आन तुझं काय, पाण्यावानी पातळ. चंद्रीचं बघ, बोट बुडवलं तर बोटाला चिकटून वर येतंय."

पाण्यावानी पातळ. हे शब्द माझ्या डोक्यात जे बसले ते बसलेच.

ताप उतरून मी हिंडू-फिरू लागले तोवर घरातली घडी बदलली होती. विशूला सकाळी दूध, दुपारी दूध, संध्याकाळी दूध, आणि रडला की दूध. मी मऊ भात कालवून घास तोंडाशी न्यावा तर तो जिभेनं बाहेर ढकलायचा. पोट टम्म. आत्ती हसायची, "अगं, भरलंय की त्याचं पोट. कोंबतीस कशाला? दुधात समदं असतंय." मग उत्तम म्हणायचा, "जाऊ दे गं, आईनं चार पोरं वाढिवल्यात." उत्तम तसा गुणाचा, पण आईपुढं त्याचा आवाज कधी फुटला नाही.

आणि हळूहळू विशू उजळायला लागला.

आधी ओठ फिके झाले. मग कानाच्या पाळ्या. मग तळपाय, तळहात. बघता बघता सगळा चेहरा मेणासारखा झाला. गल्लीतल्या बायका आत्तीला विचारायच्या, दुधात केशर घालताय काय? आत्तीला काय, आभाळ ठेंगणं झालं. ती रोज त्याच्या कपाळाला, गालाला, पायाला तीट लावायची आणि मला बजावायची, "गल्लीत जास्त हिंडवू नगो, नजर लागंल."

पण माझं पोर रडायचं थांबलं होतं, हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं. कॉटला धरून उभं राहायला लागलं होतं, ते मध्येच सोडून दिलं. बसवलं की बसून राहायचं, निजवलं की निजून राहायचं. दूध पिता पिता धाप लागायची. आणि आणखी एक. भिंतीला टेकवून बसवलं की मान वळवून भिंत चाटायचा. चुना चाटायचा मेला! मी एकदा आत्तीला दाखवलं तर म्हणाली, "पोरं चाटत्यातच. उत्तम तर माती खायाचा."

*

शालन आदल्या दिवशी आली होती. येता येताच तिनं दुधाचा डबा पिशवीच्या तळाशी साड्यांच्या घडीत लपवला होता. मी बघितलं, ती ओशाळली.

"वयनी, आईला सांगू नगो हां. म्हणंल, गवळ्याची लेक आन पोरीला पावडर पाजतीया." तिचं दूध बाळंतपणानंतर लवकर आटलं होतं. तिच्या डॉक्टरांनी डबा लिहून दिला होता. त्यात तिचा काय दोष? पण आत्तीला तो डबा संध्याकाळच्या आत सापडला, आणि मग काय विचारता! जेवताना, निजताना, अंगण झाडताना, पावडरीचा उद्धार.

आम्ही दोघींनी दुपारी पोरं एका वाकळेवर सोडली. चिमी विशूपेक्षा महिन्यानं लहान. काळीसावळी, हडकुळी, नाक वाहतंय. तिनं वाकळेवर पाय टेकले मात्र, ती सुटली! रांगत जाऊन झेंडूची माळ ओढली, पाण्याचा तांब्या उलथा केला, मांजराची शेपटी धरली. मग विशूजवळ आली आणि त्याच्या केसांना लोंबकळली. चांगलं मूठभर जावळ हातात घेऊन ओढलं.

विशूनं डोळे वर करून तिच्याकडं बघितलं. बस्स. रडला नाही, हात झटकला नाही.

शालननं चिमीची मूठ सोडवली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "वयनी, ह्यो असाच असतोय व्हय गं?"

इतके दिवस मला वाटत होतं, मीच वेडी, माझंच मन चिंती ते वैरी न चिंती. आता दुसऱ्या कुणालातरी ते दिसलं होतं. मी उठले, बसले, पुन्हा उठले. उत्तम गोठ्यात होता, त्याला गाठलं.

"चला, आत्ताच्या आत्ता डॉक्टरीणबाईंकडं जाऊ."

"काय झालंय?"

"काय झालंय ते कळत न्हाई म्हणून तर जायाचं!"

"अगं, उद्या पाडवा. म्हशी भादरायच्यात. ताप न्हाई, खोकला न्हाई, दूध पितोय. काय सांगणार हाईस डॉक्टरला? पोरगा गोरा झालाय म्हणून?"

खरंच, काय सांगणार होते मी?

*

तर पाडव्याची ती दुपार. पारूबाई कौतुक करून गेल्या आणि आत्तीनं रंगाचा डबा बाजूला ठेवून जाहीर केलं की यंदा चंद्रीच्या पाठीवर विशूला बसवून मिरवणुकीत न्यायचं. फोटोवाल्याला सांगून ठेवलं होतं म्हणे. नवा झब्बा, टोपी, जरीचा शेला.

"न्हाई," मी म्हटलं.

"न्हाई म्हंजी?"

"त्याच्या अंगात त्राण न्हाई, आत्ती. त्याला मान धरवत न्हाई नीट. मी देणार न्हाई त्याला."

सून म्हणून घरात आल्यापासून मी तिला इतक्या तोंडावर कधी नाही म्हटलं नव्हतं. तिचा चेहरा तापला. "सणाच्या दिवशी अभद्र बोलू नगो वैजंता. त्राण न्हाई म्हणं! समदी गल्ली बघतीया, पोरगं कसं झळकतंय. तुझ्या डोळ्यात काय पडलंय?"

एवढ्यात गोठ्यातून उत्तमची हाक आली. "आई, हितं ये जरा. चंद्रीचं रेडकू बघ की. उठंना झालंय."

आत्ती पदर खोचून गोठ्यात गेली. मी विशूला कडेवर घेऊन तिच्या मागोमाग गेले. का गेले कोण जाणे. एका जागी थांबवत नव्हतं, एवढं खरं. घरात गेले की बाहेर यावंसं वाटायचं, बाहेर आले की आत.

रेडकू कोपऱ्यात पाय दुमडून बसलं होतं आणि मान लांब करून भिंत चाटत होतं.

"कवापास्नं चाटतंय भित्ताड?" आत्तीनं विचारलं.

"दोन-चार दिस झालं असतील."

"आन मला आज सांगतोयस?" तिनं रेडकाची मान गुडघ्यात धरली, अंगठ्यानं डोळ्याखालची कातडी खाली ओढली आणि उजेडाकडं वळवली. हे ती गोठ्यातल्या प्रत्येक जनावराचं करायची. मी शंभरदा बघितलं होतं. "बघ, बघ. पांढराफेक डोळा. अंगात रगात न्हाई ह्याच्या टिपकाभर. दिसतंय कसं मऊ, लुसलुशीत, आन आतनं पार पोकळ. डॉक्टरला बोलीव. असलं जनावर बसल्या जागी जातंय."

माझे पाय तिथंच खिळले. पांढराफेक डोळा. भिंत चाटणं. बसल्या जागी. तोंडातून आपोआप शब्द निघाले.

"आत्ती, एकदा ह्याचा डोळा बघा."

"कुणाचा?"

"विशूचा. रेडकाचा बघितला तसा."

उत्तम "अगं ए" म्हणून पुढं आला. आत्ती ताडकन उभी राहिली. "माझा नातू काय रेडकू हाय व्हय गं? डोस्कं फिरलंय तुझं! वर्साचा सण, आन माझ्या बाबाला जनावरात काढतीस?"

"काढते. शिव्या द्या मला. मारा. पन आधी बघा."

"सर म्होरनं."

"न्हाई सरत!" माझा आवाज गोठ्यात असा घुमला की बाहेर अंगणात चंद्रीनं मान वर केली. मी रडत होते, ते मला नंतर कळलं. "रेडकासाठी डॉक्टर बोलवाय सांगितलात न्हवं आत्ता? माझ्या लेकराचा निस्ता डोळा बघा म्हणते मी. तांबडा असला तर बसवा त्याला म्हशीवर, न्हेवा कुटं न्ह्यायचं त्ये. मी जन्मात तोंड उघडणार न्हाई."

बाहेर हलगी जोरात वाजायला लागली होती. मिरवणूक निघायची वेळ झाली होती. आत्ती दात-ओठ खात माझ्यासमोर आली. मला खोटं पाडायलाच आली होती ती. विशूच्या डोळ्याखाली तिनं अंगठा ठेवला, दारातल्या उजेडाकडं त्याचं तोंड वळवलं आणि कातडी खाली ओढली.

मग तिनं अंगठा लुगड्याला पुसला. लाल रंग लागला होता त्याला. पुसून दुसरा डोळा बघितला. मग त्याचा खालचा ओठ उलटा करून बघितला. मग तळहात उघडून बघितला.

शेवटी म्हणाली, "उत्तम."

"काय आई?"

"मिरवणूक ऱ्हाऊ दे. म्हस दावणीला बांध. आन गाडी काढ."

*

डॉक्टरीणबाई दवाखान्याच्या वरच्याच मजल्यावर राहायच्या. सणाचा दिवस, दवाखाना बंद. आत्तीनं खालून अशा हाका मारल्या की त्या अर्ध्या जेवणावरून उठून ओले हात पुसत खाली आल्या. विशूला बघितलं मात्र, त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी डोळे बघितले, नखं बघितली, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"हृदय किती धावतंय याचं! केव्हापासून असा आहे?" मग माझ्याकडं वळून, "वरचं काय काय खातो?"

उत्तर आत्तीनं दिलं. "वरचंच तर खातोय बाई. वरच्यावरच हाय की समदा."

"अहो पण काय काय?"

"दूध."

"दूध, आणि?"

"दूधच. चंद्रीचं. घट्ट, बिनपाण्याचं."

डॉक्टरीणबाईंना काही उलगडेना. "मी उन्हाळ्यात सांगितलं होतं ना तुम्हाला, वरचं सुरू करा म्हणून?"

"व्हय की मॅडम," उत्तम म्हणाला, "त्याच दिवशी सुरू केलं."

त्यांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. "अहो, वरचं म्हणजे वरचं खाणं! वरण, भाजी, अंडं, घरात शिजेल ते कुस्करून. आणि अंगावरचं दूध बरोबरीनं चालूच ठेवायचं."

गवळ्याच्या घरात "वरचं" म्हटलं की पुढं दुसरा शब्द लावायची कुणाला कधी गरजच पडली नव्हती. एका शब्दानं माझं पोर तिथवर आणून ठेवलं होतं.

"अंगावर अजून पाजता का?" त्यांनी मला विचारलं.

"न्हाई," आत्ती म्हणाली. "तिचं आटलं कवाच."

"पाजते," मी म्हटलं.

आत्तीनं गर्रकन मान वळवली. "कवा?"

"पहाटे. तुम्ही धारेला गेल्या की. थोडंच येतंय, पन येतंय."

खरं होतं ते. गोठ्यातून चरवीत पहिली धार वाजायची आणि मी माझ्याच पोराला चोरासारखी पदराखाली घ्यायची. दार लावून, कान गोठ्याकडं ठेवून.

"ते सोडू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मग आत्तीकडं बघून सावकाश बोलायला लागल्या. "हे बघा आजी, रक्त व्हायला लोह लागतं. आईच्या दुधात लोह असतं थोडंच, पण जे असतं त्यातलं पुष्कळसं बाळाच्या अंगी लागतं. सहा महिन्यांनंतर तेवढं पुरत नाही, म्हणून वरचं खाणं. डब्याच्या दुधात लोह मुद्दाम भरपूर घातलेलं असतं. त्यातलं अंगी कमीच लागतं, पण मुळात भरपूर, म्हणून भागतं. आणि तुमच्या म्हशीच्या दुधात एक तर ते नावालाच, तेही अंगी लागत नाही. पोट मात्र भरतं, मग पोर दुसरं खात नाही. खाल्लं तरी त्यातलं लोह हे दूध अंगी लागू देत नाही."

"म्हंजी दूध वाईट?" आत्तीचा आवाज अगदी लहान झाला होता. "बाई, माझा जलम गेला दुधात."

"वाईट कशाला? म्हशीचं दूध रेडकाच्या अंगी लागावं म्हणून केलंय देवानं. आईचं बाळाच्या."

आत्ती माझ्याकडं बघत होती. मी खाली बघत होते. त्या क्षणी मला तिचा राग यायला हवा होता, आलाही होता, पाण्यावानी पातळ हे शब्द जिभेवर आले होते. पण विशू माझ्या मांडीवर तोंड उघडं टाकून धापत होता. माझ्यापाशी रागाला सवड नव्हती.

"आणि हा गोरा झालेला नाही," डॉक्टरीणबाई चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाल्या. "हा पांढरा पडलाय. मोठ्या दवाखान्यात न्या. आत्ता. रक्त द्यावं लागेल."

*

मोठ्या दवाखान्यात विशूच्या इवल्याशा हाताला सुई लावताना तो रडलासुद्धा नाही, नुसता कण्हला. मी दारात उभी राहून तोंडात पदर कोंबला. उत्तम व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता, माझ्याकडं बघायची त्याची छाती होत नव्हती. पिशवीतलं रक्त नळीतून थेंब थेंब उतरत होतं. डॉक्टर म्हणाले, घाई करून चालत नाही, हृदयाला झेपलं पाहिजे. नीट उतरलं तर बरं. नाही उतरलं तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायचा आम्हाला धीर झाला नाही.

आत्ती खाटेपाशी जी बसली ती हलली नाही. अंगावर सणाचं लुगडं, नखांत शिंगांचा लाल रंग. पाणी नाही, चहा नाही. नर्सनं बाहेर बसा म्हणून सांगितलं तर ऐकलंच नाही तिनं. फक्त मधूनमधून अंगठा पुढं करायची आणि विशूची खालची पापणी ओढून बघायची. मला एकदाच म्हणाली, पिशवीवरची नजर न काढता, "तुझं पातळच अंगी लागत हुतं गं त्याच्या. आन मी तोडलं."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्यापेक्षा जास्त माझ्याच्यानं झालं नाही.

भाऊबीजेची सकाळ उजाडली. मी चूळ भरायला नळावर गेले होते आणि वॉर्डातून आत्तीची किंकाळी ऐकू आली. माझ्या हातून तांब्या सुटला. कशी धावले, कुठं धडकले, काही आठवत नाही. डोळ्यांपुढं नको नको ते येत होतं. वॉर्डात शिरले तर सगळी माणसं उठून उभी, नर्स धावतेय, आणि आमची आत्ती खाटेपाशी उभी राहून छाती बडवत हसतेय की रडतेय ते कळेना.

"काळा झाला! वैजे, काळा झाला गं माझा बाबा! बघ की, कसा काळा पडलाय!"

नर्सला वाटलं, म्हातारीचं डोकं गेलं. तिनं तिचा दंड धरला. मी विशूकडं बघितलं. कान लाल होते. ओठ लाल होते. गालांवर त्याचा तो जन्माचा काळा, तुकतुकीत रंग परत आला होता. आणि त्या आरडाओरड्यानं दचकून त्यानं तोंड वासलं, पाय झाडले आणि जो भोकाड पसरला, तो अख्ख्या दवाखान्यानं ऐकला. मी त्याला पदराखाली घेतलं. सगळ्यांसमोर, आत्तीसमोर. तिनं तिचा पदर माझ्या खांद्यावरून ओढून आडोसा धरला.

चंद्री त्या वर्षी मिरवली नाही. रंगवलेल्या शिंगांनी दावणीलाच उभी राहिली. आम्ही घरी आलो त्या दिवशी आत्तीनं पहिलं काय केलं, तर शालनच्या पिशवीतून दुधाचा डबा काढून दर्शनी फळीवर ठेवला. "लपिवतीस कशाला? दिसंल असा ठीव," एवढंच म्हणाली. चंद्रीचे दोन सड तिनं रेडकासाठी सोडले. आणि रोज दुपारी कलेजी शिजवून, बिनतिखटाच्या अळणी रश्शात कुस्करून, ती विशूला भरवायची. लोहाच्या थेंबांवर मोसंबी पिळायची. त्या वेळी कुणी दुधाचं नाव काढलं की अंगावर जायची.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. विशू पुण्यात नोकरीला आहे, उंच झालाय, आणि रंगानं आजोबांवर गेलाय. त्याच्यासाठी मुली बघायला सुरुवात केलीय. मागच्या महिन्यात एक स्थळ आलं होतं. मुलीची मावशी चहा पिता पिता म्हणाली, मुलगा सगळ्या बाजूनं चांगला आहे, जरा रंगानंच डावा आहे. आत्ती कोपऱ्यात बसली होती. तिला आता डोळ्यांनी दिसत नाही. ती तिथनंच म्हणाली, "त्यो रंग मागून घेतलाय आमी. तुमास्नी नको असंल तर चहा पिऊन जावा." ते स्थळ अर्थातच पुढं गेलं नाही.

विशू घरी आला की आधी तिच्यासमोर जाऊन वाकतो. ती आशीर्वाद नंतर देते. आधी त्याचं तोंड चाचपते, अंगठा डोळ्याखाली ठेवते आणि पापणी खाली ओढते. तो गुडघ्यावर बसून निमूट ओढू देतो. मग ती मान माझ्या दिशेनं वळवते.

"वैजे, बघ गं. तांबडा हाय न्हवं?"

मी हातातलं काम टाकून जाते आणि दर वेळी खरोखर वाकून बघते.

"तांबडालाल हाय, आत्ती," मी सांगते. मगच ती त्याच्या डोक्यावर हात ठेवते.